कॅप्टनसाहेबांचा पारा: एका फोरबॉलचं प्रकरण

खारघरला रविवारी सकाळी गोल्फ खेळणाऱ्या एका फोरबॉलचं, म्हणजे चौघांच्या गटाचं, हे प्रकरण आहे. चौघांतला एक तापट, बाकीचे तिघं भिडस्त. तापट माणूस गोल्फला नवा नाही. कुठल्याही कोर्सवर असे दोन-चार असतातच. लिहून ठेवण्यासारखं आहे ते वेगळंच. तीन शहाणीसुरती माणसं एका माणसाचा राग सांभाळून घेता घेता तो कसा पोसत गेली, आणि शेवटी कशाने फरक पडला. काही गोष्टींनी अजिबात पडला नाही, त्याही सांगतो. नावं गाळली आहेत, आणि ओळख पटेल असे तपशील फिरवले आहेत.

माणसं आणि मैदान

कॅप्टन मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले, राहायला नेरुळला. गोल्फ शिकले ते परदेशातल्या बंदरांवर, जहाज लागलेलं असताना. एके काळी 11 हँडिकॅप होता (हा आकडा जितका कमी तितका खेळाडू चांगला), आणि हे ते पहिल्या दहा मिनिटांत सांगतात. डॉक्टर म्हणजे वाशीला दाताचा दवाखाना चालवणाऱ्या बाई; चाळिशीच्या, लांब मारत नाहीत पण सरळ मारतात. इंजिनिअर ऐरोलीच्या आयटी पार्कात नोकरीला, खेळात नवा, सगळ्यांना ‘सर’ म्हणणारा. चौथा मी. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातले तंटे मिटवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे भांडणाची सुरुवात कशी होते ते जरा लवकर दिसतं.

फोरबॉल म्हटलं की चारच मोजतात. या प्रकरणात पाचवा माणूस महत्त्वाचा आहे: कॅप्टनची बॅग उचलणारा कॅडी. जवळच्याच गावातला, पंचविशीचा. त्याला मैदानाचा उतार न उतार पाठ होता.

सिडकोने खारघरच्या डोंगराखाली केलेला हा कोर्स बरीच वर्षं 11 होलचा होता, आणि ही गोष्ट त्याच काळातली. पुऱ्या राऊंडला 18 होल लागतात; ते पुरे करायचे तर काही होल दुसऱ्यांदा खेळावे लागत. तापट माणसाच्या दृष्टीने हे वाईट. ज्या होलवर सकाळी नाक कापलं गेलं, तोच दोन-अडीच तासांनी पुन्हा समोर उभा. ऊन चढलेलं, पाय भरून आलेले, आणि टीवर (जिथून होलचा पहिला शॉट मारतात) उभं राहिल्यावर मघाचा शॉट डोळ्यांपुढे.

आणखी एक हिशेब लक्षात घ्या. गोल्फचा नियम 5.6 सांगतो की आपली पाळी आल्यावर, अडथळा नसेल तर, शॉट 40 सेकंदांच्या आत मारावा. 90 शॉट मारणाऱ्याने प्रत्येकाला पुरे 40 सेकंद घेतले तरी होतो एकूण एक तास. राऊंडला लागतात चार-साडेचार. उरलेला सगळा वेळ चालण्याचा, थांबण्याचा आणि दुसऱ्याचं बघण्याचा. क्रिकेटमध्ये बाद झालेला माणूस निदान तंबूत जाऊन बॅट आपटू शकतो. इथे त्याला पुढचे तीन तास त्याच माणसांबरोबर चालायचं असतं.

राग कसा चढत गेला

सुरुवातीला कॅप्टन फक्त स्वतःशी बोलत. ‘साठी बुद्धी नाठी’ वगैरे. आम्ही हसायचो. मग शॉट बिघडला की वेज (जवळच्या शॉटसाठीचा क्लब, म्हणजे काठी) जमिनीत रोवणं सुरू झालं. त्यानंतर आलं ते ग्लोव्हचं. त्यांच्या ग्लोव्हला मनगटाशी वेल्क्रोची पट्टी. चिडले की ते ती पट्टी ओढून काढायचे, लावायचे, पुन्हा काढायचे. चर्र, चर्र. स्वतःचा पट (चेंडू खळग्यात घालायचा हलका फटका) चुकल्यावर ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, कडेला उभं राहून हे चालू, आणि त्याच वेळी डॉक्टर चार फुटांचा पट मारायला वाकलेल्या. डॉक्टर थांबायच्या, मान वर करायच्या, कॅप्टनचं लक्षच नसायचं. त्या पुन्हा वाकायच्या. पुन्हा चर्र. चार फुटांचे पट डॉक्टर एरवी डोळे मिटून घालतात. त्या हंगामात किती हुकले हे त्यांनी मला बोटांवर मोजून दाखवलं होतं.

मी याला प्रकरणातला महत्त्वाचा टप्पा मानतो. क्लब फेकला तर चारजणांना दिसतो, त्यावर बोलता येतं. वेल्क्रोवर काय बोलणार? बोललं तर बोलणाराच किरकोळ ठरतो. तापट माणसाचा बराचसा त्रास असा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींमधूनच होतो: दुसऱ्याच्या पाळीला सुस्कारा, आपला पट झाला की पुढच्या टीकडे तडक चालू लागणं, दुसऱ्याच्या चांगल्या शॉटवर मौन.

नंतर रागाने दिशा बदलली. आधी तो चेंडूवर होता, मग मैदानावर आला (‘गवत कापतात की नाही?’), मग पुढच्या संथ ग्रुपवर, आणि शेवटी कॅडीवर. लाइन चुकीची सांगितलीस. यार्डेज चुकीचं दिलंस. मी मारताना हललास. कॅडी ‘हो साहेब’ म्हणायचा. दुसरं काय म्हणणार? त्याची दिवसाची कमाई साहेबाच्या मर्जीवर. आज उलट बोलला तर उद्या कुणी दुसऱ्याची बॅग देणार नाही, ही भीती खरी असो वा खोटी, त्याच्या मनात असतेच. चौघांतले तिघं कॅप्टनला सोडून जाऊ शकत होते. पाचवा शकत नव्हता, आणि राग नेमका त्याच्यापाशी येऊन थांबला. कारखान्यांतही मी हेच पाहिलं आहे: मॅनेजरचा राग वाहत वाहत शेवटी कंत्राटी माणसावर येतो.

बाकीचे तिघं काय करत होते

डॉक्टर समजूत घालायच्या. ‘जाऊ द्या हो कॅप्टन, बॅड लक.’ इंजिनिअर यूट्यूब बघून शिकलेला. तो सांगायचा, ‘सर, तुमचं डोकं आधी वर येतंय.’ मी विनोद करायचो. तिघांच्या मनात चांगलंच होतं.

‘बॅड लक’ने काय होतं? चिडलेल्या माणसाला ठाऊक असतं की नशिबाचा काही संबंध नव्हता, चेंडू आपणच जमिनीत हाणला. खोटी समजूत त्याला आणखी टोचते. शिवाय प्रत्येक फसलेल्या शॉटनंतर तीन माणसं आपल्याकडे बघतात, काहीतरी बोलतात, याची सवय लागते. राग दाखवला की लक्ष मिळतं. हे मुद्दाम कुणी करत नाही, पण होतं तसंच.

इंजिनिअरचा सल्ला तर नियमातच बसत नाही. नियम 10.2 प्रमाणे स्पर्धेत आपल्या पार्टनरखेरीज दुसऱ्या खेळाडूला असा सल्ला देता येत नाही. दिला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) देणाऱ्याला दोन स्ट्रोकचा, म्हणजे फटक्यांचा, दंड. आमचा खेळ मैत्रीचा, दंड कोण लावतोय! पण हा नियम ज्यांनी केला त्यांना माणसं कळत असावीत. 11 हँडिकॅप पाहिलेल्या माणसाला नवशिक्याने डोकं कुठे ठेवायचं ते सांगायचं, तेही चेंडू झाडीत गेल्यावर अर्ध्या मिनिटात. कॅप्टनच्या जागी मी असतो तरी बिथरलो असतो.

माझ्या विनोदांनी वातावरण हलकं व्हायचं, ते आमच्यापुरतं. चिडलेल्याला तो विनोद आपल्यावरच आहे असं वाटतं, आणि बहुतेक वेळा तो असतोही.

या सगळ्याच्या मुळाशी होती भीड. कॅप्टन वयाने मोठे, हुद्द्याने मोठे, राऊंडनंतर नाश्त्याचे पैसे पुढे होऊन देणारे, कुणाच्या घरी आजारपण असलं तर पहिला फोन करणारे. अशा माणसाला ‘तुमचं वागणं खटकतं’ म्हणून कोण सांगणार? मोठ्यांना उलट बोलायचं नाही हे आपल्याकडे दुधाबरोबर पाजलेलं असतं. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आणि इथे भीक मागायची वेळ आमच्यावर नाही, कॅडीवर आली.

तो दिवस

एप्रिल, दुसरा फेरा, तोच पार-4 (चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला होल) ज्यावर सकाळी कॅप्टननी सात मारले होते. दुसरा शॉट, ग्रीनपर्यंत साधारण 140 यार्ड, समोर बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा. कॅडीने बॅगेतून सात नंबर आयर्न अर्धी बाहेर काढली (क्लबचा नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जातो). कॅप्टन म्हणाले, ‘आठ दे. इथून मी आठच मारतो.’ कॅडी म्हणाला, ‘साहेब, समोरून वारा आहे.’ ‘आठ दे म्हटलं ना?’

आठ नंबरचा शॉट चांगला बसला. हे मुद्दाम सांगतो. चेंडू मधोमध लागल्याचा आवाज आला, सरळ गेला, आणि बंकरच्या पुढच्या काठाखाली रुतला. पुरता दहा यार्ड कमी. कॅप्टन क्षणभर गप्प होते. मग ‘तुला अंतर सांगता येत नाही तर येतोस कशाला इथे!’ असं म्हणत त्यांनी क्लब बॅगेच्या दिशेने भिरकावला. बॅगेला लागला असता तर हे प्रकरण लिहिलं गेलं नसतं. क्लबचं डोकं जमिनीवर आपटून उसळलं आणि कॅडीच्या नडगीवर बसलं.

तो ओरडला नाही. पँट वर करून त्याने नडगी पाहिली, चामडी सोलली होती. बॅगेचा पट्टा खांद्यावरून काढला, बॅग स्टँडवर नीट उभी केली, पडलेला क्लब उचलून टॉवेलने पुसला, आत ठेवला. म्हणाला, ‘साहेब, पुढं तुमची तुम्ही न्या.’ आणि क्लबहाऊसच्या वाटेला लागला. चालताना किंचित लंगडत होता.

जे आम्ही तिघं वर्षभर बोललो नव्हतो ते त्याने एका वाक्यात सांगितलं, तेही दिवसाचे पैसे सोडून.

डॉक्टर त्याच्यामागे गेल्या, जखम धुवून पट्टी बांधली. इंजिनिअर तो होल संपवून घरी गेला आणि त्या संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडला. कारण लिहिलं नाही.

बॉबी जोन्सचा दाखला

दोन दिवसांनी कॅप्टननी ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला. माफी नव्हती. मथितार्थ असा की रागावल्याशिवाय कुणी मोठा खेळाडू होत नाही. बॉबी जोन्सनेसुद्धा 1921 साली सेंट अँड्र्यूजला ब्रिटिश ओपनमध्ये तिसऱ्या राऊंडला चिडून स्पर्धा सोडली होती.

दाखला खरा आहे. जोन्स हा गाजलेला अमेरिकन गोल्फर तेव्हा 19 वर्षांचा होता, 11व्या होलच्या बंकरमध्ये अडकला आणि त्याने स्पर्धा तिथेच सोडली. पण डॉक्टरांनी त्याच वर्षाची दुसरी गोष्ट शोधून ग्रुपवर टाकली. अमेरिकेच्या हौशी स्पर्धेत जोन्सने फेकलेला क्लब उसळून एका प्रेक्षक बाईच्या पायाला लागला. अमेरिकन गोल्फ संघटनेच्या अध्यक्षांनी त्याला पत्र पाठवलं: रागावर ताबा ठेवायला शिकत नाहीस तोवर आमच्या स्पर्धेत खेळायचं नाही. त्यापुढचा जोन्स सगळ्यांना माहीत आहे. 1925च्या यूएस ओपनमध्ये कुणाला न दिसलेला चेंडूचा हलका धक्का त्याने स्वतः सांगून एक स्ट्रोक अंगावर घेतला आणि पुढे प्लेऑफमध्ये हरला. 1930 साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा त्याने एका वर्षात जिंकल्या.

डॉक्टरांनी खाली एवढंच लिहिलं: ‘कॅप्टन, ते पत्र कुणीतरी लिहिलं होतं.’

ग्रुपवर दोन दिवस शुकशुकाट.

व्यावसायिकही चिडतात हा युक्तिवाद अर्धवटच आहे, कारण त्यांना किंमत मोजावी लागते. 2019 साली सौदी अरेबियात सर्जिओ गार्सियाने रागाच्या भरात ग्रीन्स खराब केली, तेव्हा नियम 1.2खाली त्याला स्पर्धेतून बाद केलं गेलं. त्याच नियमाने स्पर्धेच्या कमिटीला स्वतःची आचारसंहिता करून दंड ठरवता येतो. 2023च्या नियमांनुसार खेळताना क्लब मोडला तर बदलता येतो. रागाने आपटून मोडला असेल तर नाही. चिडणं नियमांत कुठेच गुन्हा नाही. चिडून केलेली कृती आहे.

बोलणं

कुणीतरी बोलायला हवं होतं, आणि ते माझ्याकडे आलं. कुठे आणि कधी बोलायचं याचा मी बराच विचार केला. व्हॉट्सॲपवर नाही; तिथे माणूस उत्तर लिहितो, ऐकत नाही. राऊंडनंतर पार्किंगमध्ये नाही, कारण राग अजून अंगात असतो. चौघांसमोर तर मुळीच नाही. साठीतल्या माणसाला घोळक्यात ऐकवलं की तो फक्त अब्रू वाचवतो. मी त्यांना बुधवारी संध्याकाळी सेंट्रल पार्कात फिरायला बोलावलं. शेजारी शेजारी चालत बोलावं म्हणजे नजरेला नजर द्यावी लागत नाही. अवघड बोलण्याला ते बरं पडतं.

सुरुवात मी वळणं न घेता केली. ‘कॅप्टन, रविवारचं बोलायचंय. तुमचा क्लब त्या पोराच्या नडगीला लागला. त्याचा रोज बुडाला. मला तुमच्याबरोबर खेळायचंय, पण कॅडीवर राग निघणार असेल तर नाही खेळणार.’

‘मुद्दाम मारला का मी?’

‘नाही.’

‘मग? आणि मी शिव्या देतो त्या स्वतःला देतो. तुम्हाला कधी दिल्या?’

‘स्वतःला द्या, कान बंद करू आम्ही. त्याचं मी बोलतच नाहीये. नडगीचं बोलतोय.’

असं तीन-चारदा झालं. ते स्वभावावर, वयावर, मैदानावर, इंजिनिअरच्या आगाऊपणावर गेले. मी नडगीवर परत आलो. वाटाघाटीतली ही जुनी युक्ती आहे: एकच मुद्दा, आणि तो सोडायचा नाही. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ म्हटलं की समोरचा ‘नेहमी’ या शब्दाशी भांडतो. घडलेल्या एका घटनेशी भांडता येत नाही.

मग बराच वेळ ते नुसते चालत राहिले. म्हणाले, ‘140 ला मी आठ नंबर मारायचो हो.’

खांद्याचं ऑपरेशन झाल्याचं आम्हाला माहीत होतं. त्यानंतर प्रत्येक क्लबचं अंतर दहा-पंधरा यार्डांनी घटलंय हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बहुधा स्वतःलाही नाही. ते पाच वर्षांपूर्वीच्या खांद्याने क्लब निवडत होते आणि आजच्या खांद्याने मारत होते. शॉट उत्तम बसूनही कमी पडायचा, मग दोष द्यायला कुणीतरी लागायचं. कॅडी रोज खरं अंतर सांगत होता, आणि तेच त्यांना ऐकायचं नव्हतं.

मला वाईट वाटलं, पण ते कारण ऐकून मी मागणी सौम्य केली नाही. खांदा दुखरा असल्याने पोराची नडगी बरी होत नाही. दोन गोष्टी मागितल्या: कॅडीची माफी, आणि पुढे कुठल्याही माणसावर राग निघाला तर त्या दिवसापुरतं त्यांनी स्वतः खेळ थांबवायचा. चेंडू, गवत, वारा, दैव, सगळ्यांवर चिडायला मोकळीक. ‘बघू’ म्हणाले. कॅप्टनच्या तोंडून ‘बघू’ म्हणजे होकार, हे मला नंतर कळलं.

खेळात काय बदललं

माणूस बदलण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही. मांडणी बदलली. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो स्टेबलफोर्ड या गुण मोजायच्या पद्धतीचा. इंग्लंडमधल्या वॉलसी गोल्फ क्लबचे सदस्य असलेल्या डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड या सर्जनने ही पद्धत काढली आणि 1932 साली तिची पहिली स्पर्धा तिथे झाली. हँडिकॅप वजा करून पारला 2 गुण, बोगीला (पारपेक्षा एक फटका जास्त) 1, बर्डीला (एक कमी) 3. दुहेरी बोगी किंवा त्याहून वाईट असेल तर शून्य, चेंडू उचला आणि पुढे चला. साध्या स्ट्रोक प्लेमध्ये एका होलवर नऊ मारले की ते नऊ दिवसभर कार्डावर बसतात. इथे नऊ मारा की सात, नुकसान तेवढंच. बंकरमध्ये तिसऱ्यांदा चेंडू न निघाल्यावर माणूस जो पेटतो, तो प्रसंगच निम्म्या वेळा टळतो, कारण तोवर चेंडू उचलून खिशात गेलेला असतो.

शंभर-शंभर रुपयांची पैज बंद केली. रक्कम क्षुल्लक होती, पण हिशेब करताना मागचा प्रत्येक होल उकरला जायचा.

शॉटनंतर बोलायचं नाही, असंही ठरलं. ‘बॅड लक’ नाही, सल्ला नाही, विनोद नाही. मारणारा आपणहून बोलला तरच बोलायचं. पहिल्या रविवारी ही शांतता अवघडल्यासारखी वाटली, विशेषतः मला. पण कॅप्टनचा धुसफुसाट दोन मिनिटांत विरायला लागला, कारण ऐकायला कुणी नव्हतं. हरवलेला चेंडू शोधायला नियम 18 तीन मिनिटं देतो. आम्ही घड्याळ लावून तीनच मिनिटं शोधू लागलो. पूर्वी कॅप्टनचा चेंडू सात-आठ मिनिटं सगळे शोधायचे, ते त्या वेळात उकळत राहायचे, आणि मागचा ग्रुप कमरेवर हात ठेवून उभा.

वेल्क्रोचा प्रश्न डॉक्टरांनी सोडवला. वाढदिवसाला त्यांनी कॅप्टनना चेंडूवर खूण करायचा मार्कर दिला, खऱ्या जुन्या नाण्याचा. आता चिडले की ते खिशात हात घालून नाणं फिरवतात. आवाज होत नाही.

टीचं मात्र वर्षभर अडलं. ग्रीनच्या जवळच्या, पुढे लावलेल्या टीवरून मारा म्हटलं की त्यांना तो अपमान वाटे. शेवटी चौघंही पुढून मारू लागलो. इंजिनिअरच्या जागी आलेला माणूस लांब मारणारा. तो कुरकुरला, पण तयार झाला. 140 च्या जागी 125 राहिले की आठ नंबर पुन्हा आठ नंबरसारखा वागतो.

काही उपाय साफ फसले. चिडलं की सगळ्यांना वडापाव द्यायचा, असा दंड एकदा ठरला. कॅप्टननी पहिल्याच टीवर सहा वडापावांचे पैसे आगाऊ काढून ठेवले आणि मग मनसोक्त चिडले. श्वास मोजायचं ॲपही कुणीतरी सुचवलं होतं. त्याबद्दल न बोललेलं बरं.

अनोळखी माणसाशी गाठ पडली तर

वरचं सगळं ओळखीच्या, पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या माणसासाठी. एकट्याने टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) घेतला आणि स्टार्टरने, म्हणजे ग्रुप लावून देणाऱ्याने, तिघा अनोळखी माणसांत घातलं, त्यातला एक भडकू निघाला, तर सुधारायला जाऊ नका. चार तासांत कुणी कुणाला सुधारत नाही. त्याच्या नजरेच्या रेषेबाहेर उभं राहा, त्याच्या शॉटकडे बघत बसण्यापेक्षा आपल्या चेंडूकडे चालू लागा, आपली टी-रूटीन घाईने गुंडाळू नका. क्लब उडायला लागले किंवा कॅडीला कुणी तोडून बोललं, तर मार्शलला (मैदानावर लक्ष ठेवणाऱ्याला) सांगा किंवा मागच्या ग्रुपमध्ये जायची परवानगी मागा. स्पर्धा असेल तर कार्डाची अडचण असते, कारण तुमचा मार्कर, म्हणजे तुमचं कार्ड लिहिणारा, बहुधा तोच असतो. अशा वेळी दर होलला गुण मोठ्याने म्हणून घ्यावेत. शेवटी सही घेताना वाद नको.

आता काय परिस्थिती आहे

माफी झाली, पण कॅप्टनच्या पद्धतीने. पहिल्यांदा त्यांनी कॅडीच्या हातात पाचशेची नोट ठेवली. त्याने ती परत दिली. पुढच्या आठवड्यात स्टार्टरच्या खोलीजवळ सगळ्यांसमोर कॅप्टन त्याला म्हणाले, ‘क्लब तू बरोबर काढला होतास. चूक माझी.’ कॅडी ‘हो साहेब’ म्हणाला. या वेळचा ‘हो साहेब’ मला आवडला. त्याने कॅप्टनची बॅग पुन्हा कधी उचलली नाही, तो डॉक्टरांबरोबर असतो. कॅप्टननी दोनदा विचारलं, त्याने दोनदा नाही म्हटलं, आणि आम्ही कुणी त्याला गळ घातली नाही. माफी मागितली म्हणून समोरच्याने पहिल्यासारखं व्हायलाच हवं, असं थोडंच आहे.

इंजिनिअर परत आला नाही. मी एकदा फोन केला होता; छान बोलला, चेंबूरला खेळतो म्हणाला. प्रकरणाच्या जमाखर्चात ही बाजू तोट्याचीच धरावी लागेल.

मे महिन्यात एकदा कॅप्टनचा तोल गेलाच. पुढच्या ग्रुपमधल्या कुणावर तरी ओरडले, त्यांना उद्देशून. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी बॅग उचलली, ‘आज माझं झालं’ म्हणाले आणि सातव्या होलवरून चालते झाले. डॉक्टर हळहळल्या. मला तो त्या हंगामातला त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय वाटला.

नव्या माणसाला कॅप्टनच्या स्वभावाची आधी कल्पना द्यावी की नाही, यावर डॉक्टरांचं आणि माझं जुळत नव्हतं. त्या म्हणत, सांगावं, नाहीतर तो बिचकेल. मी म्हणे, सांगितलं की तो पहिल्या टीपासून वाटच बघेल. हा वाद कॅप्टननीच संपवला. हल्ली नवा कुणी आला की हस्तांदोलन करतानाच ते सांगतात, ‘मी चिडतो. चिडलो की पन्नास पावलं पुढे चालतो. मागून हाक मारू नका, आपला आपण येतो परत.’